मॅक्रो नाही, म्हणून फाइल स्वच्छ? संशयास्पद डॉक्युमेंट तपासताना या चुका टाळा

मॅक्रो, म्हणजे डॉक्युमेंटमध्ये ठेवलेला छोटा प्रोग्रॅम, सापडला नाही की फाइल 'क्लीन' ठरवून मोकळं होणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आरटीएफमध्ये (वर्डमध्ये उघडणारा एक जुना डॉक्युमेंट प्रकार) मॅक्रो ठेवताच येत नाही, पण ओएलई ऑब्जेक्ट, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमचा आत बसवलेला तुकडा, मजेत बसतो. वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमधली त्रुटी (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०१७-११८८२) हल्लेखोरांनी अशाच ऑब्जेक्टमधून वापरली. तिथे मॅक्रो चालू करायची परवानगी मागावीच लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅच आला, जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटरच काढून टाकला गेला; अपडेट न केलेल्या मशीनवर मात्र धोका तसाच आहे.

आरटीएफमधला ऑब्जेक्ट हेक्समध्ये (०-९ आणि ए-एफ वापरणाऱ्या अंकांत) लिहिलेला असतो आणि हल्लेखोरांनी अधेमधे मोकळ्या जागा, निरर्थक कंट्रोल वर्ड (आरटीएफमधल्या आज्ञा) पेरलेले असतात. म्हणून नुसत्या शब्दशोधावर विसंबू नका. ओएलईटूल्स या तपासणी-साधनांच्या संचातलं आरटीएफऑब्ज हे साधन हा कचरा बाजूला सारून ऑब्जेक्ट वेगळा काढून देतं.

एक्स्टेन्शनवरही विश्वास नको. डॉक एक्स्टेन्शनची फाइल आतून आरटीएफ असली तरी वर्ड निमूट उघडतो. पहिले बाइट बघा: खऱ्या जुन्या डॉकची सुरुवात डी० सीएफ ११ ई० अशी होते, डॉकएक्सची पीके अशी, कारण ती मुळात झिप असते.

डॉकएक्स उलगडल्यावर बरेच जण एम्बेडिंग्ज फोल्डर (आत बसवलेल्या ऑब्जेक्टची जागा) रिकामं बघून थांबतात. रेल्स फाइल, म्हणजे डॉक्युमेंटचे दुवे नोंदवणाऱ्या फाइल, वाचायच्या राहूनच जातात! २०२२ च्या फॉलिना हल्ल्यात (सीव्हीई-२०२२-३०१९०) मॅक्रो नव्हता. रेल्समधल्या बाहेरच्या दुव्यावरून हल्लेखोराचं एचटीएमएल पान ओढलं जायचं. बाहेरचा प्रत्येक दुवा वाईट नसतो, साध्या हायपरलिंकही तिथेच नोंदलेल्या असतात. पण दुव्याचा प्रकार ओएलई ऑब्जेक्ट किंवा जोडलेलं टेम्पलेट असेल, तर पत्ता नीट तपासा.

पीडीएफमध्ये पीडीएफआयडी या तपासणी-साधनाने जावास्क्रिप्टपुढे शून्य दाखवलं तरी ऑब्जेक्ट स्ट्रीम (एकत्र दाबून ठेवलेले ऑब्जेक्ट) उलगडून पाहा. संकुचित भागात बरंच काही दडतं.

आणि कृपा करून, 'बघू तरी काय आहे' म्हणून डॉक्युमेंटमधल्या आयकॉनवर डबल क्लिक करू नका. तपासणी नेटवर्कपासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच (संगणकाच्या आतल्या आभासी संगणकात) करा.

गोपनीय फाइल थेट व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर चढवणं हीसुद्धा मोठी चूक, कारण ती इतरांना डाउनलोड करता येते. आधी तिथे फक्त हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, शोधा. तो सापडला नाही तर त्यावरून काहीच ठरवू नका. एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो.