ड्राफ्टची यादी करताय? आधी या चुका टाळा

तीन आकडे समोर ठेवतो: २८.१, २८.६ आणि २८.९. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये आपापल्या हंगामात देशात सर्वाधिक गुण करणाऱ्या तीन पोरांची ही दर सामन्यामागची सरासरी. पहिली गोंझागाच्या ॲडम मॉरिसनची (२००५-०६), दुसरी डेव्हिडसनच्या स्टीफन करीची (२००८-०९) आणि तिसरी ब्रिगहॅम यंगच्या जिमर फ्रेडेटची (२०१०-११). तिघंही नेमबाज, आणि तिघांची कॉलेजं बड्या कॉन्फरन्सच्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या) बाहेरची. एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, मॉरिसन तिसरा गेला, करी सातवा आणि फ्रेडेट दहावा. पुढे करी एनबीएचा महान नेमबाज झाला आणि बाकीचे दोघे तिथे टिकले नाहीत, हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी दर जूनमध्ये एका वहीत ड्राफ्टमधल्या पोरांची स्वतःची क्रमवार यादी करतो आणि ड्राफ्टच्या दिवशी पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन बसतो. (तिकडे तेव्हा आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात.) २०११ च्या वहीत फ्रेडेट माझ्याकडे चौथा होता. तेव्हा खालच्या चुका मी लोकांच्या म्हणून सांगत नाहीये. बहुतेक माझ्याच आहेत.

गुणांच्या रकान्यावरच थांबणं

सरासरी २८ गुण म्हटलं की डोळे दिपतात आणि पुढचं काही वाचलंच जात नाही. रणजीत धावांचा डोंगर रचणारा फलंदाज कसोटीत कसा खेळेल, हे नुसत्या धावांवरून सांगता येत नाही, हे आपल्याला क्रिकेटने शिकवलंय. इथेही तेच आहे. फ्रेडेटच्या कॉलेजात संघाचं सगळं आक्रमण त्याच्याभोवती फिरायचं. चेंडू त्याच्या हातात, केव्हा मारायचा ते तोच ठरवणार. एनबीएत दहाव्या क्रमांकाच्या नवख्याला असा चेंडू कोणी देत नाही. तिथे तो कोपऱ्यात उभा राहणार, स्क्रीनमागून (वाट अडवून उभ्या साथीदाराच्या आडून) धावणार आणि उरलेला वेळ समोरच्या चपळ गार्डला, म्हणजे बास्केटपासून दूर चेंडू खेळवणाऱ्याला, अडवणार. यातलं त्याला काय येतं, हा प्रश्न मी तेव्हा विचारलाच नाही.

करीच्या रकान्यांत उत्तर होतं. त्या हंगामात त्याने गुणांबरोबर सामन्यामागे ५.६ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) आणि २.५ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू) केले होते. मॉरिसनचे असिस्ट दोनच्याही आत. स्टील म्हणजे उत्तम बचाव असं समीकरण नाही, जुगारी पोरंही भरपूर स्टील करतात. पण हाताची चपळाई आणि पास कुठे जाणार याचा आधीच येणारा अंदाज, या दोन गोष्टी त्या रकान्यात डोकावतात, आणि त्या पुढच्या पातळीवरही टिकतात. मॉरिसनचा पहिल्या हंगामातला नेम एकूण ३७.६ टक्के होता. पुढे गुडघा गेला, त्यामुळे सगळं खापर स्काउट मंडळींवर (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांवर) फोडणं बरोबर नाही. पण गुडघा जायच्या आधीच चित्र फारसं बरं नव्हतं.

उपाय अगदी बाळबोध आहे. खेळाडूची पूर्ण ओळ काढा, गुणांचा रकाना बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. काहीच उरलं नाही, तर त्याला यादीत निदान पाच जागा खाली सरकवा.

याच्या उलट फसगतही होते. २०१५ चा केंटकीचा संघ आठवा. ३८ सामने जिंकले आणि एकच हरले, तोही राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारमध्ये विस्कॉन्सिनविरुद्ध. त्या एका संघातून सहा जण ड्राफ्ट झाले. एवढी गर्दी असल्यावर ताटात कितीसं येणार? डेव्हिन बुकर पूर्ण हंगामात एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही. सरासरी होती १० गुण, पण ती २१-२२ मिनिटांत. ४० मिनिटांच्या हिशेबात ती १८-१९ वर जाते. ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक होता १३. त्याच संघाचा कार्ल-अँथनी टाउन्स सामन्यामागे जेमतेम १० गुण करून पहिला निवडला गेला, म्हणजे मिनिटांचा हिशेब करणारे तेव्हाही होते. फक्त तो त्यांनी बुकरसाठी पुरेसा लावला नाही.

जन्मतारीख न बघता इयत्ता बघणं

ही चूक सगळ्यात स्वस्तात सुधारता येते, तरी दरवर्षी होते. 'फ्रेशमन' (कॉलेजचं पहिलं वर्ष) म्हटलं की कच्चा हिरा आणि 'सीनियर' (चौथं वर्ष) म्हटलं की पिकलं पान, असं आपण मनात धरून बसतो. बुकरचा जन्म ऑक्टोबर १९९६ चा आणि व्हिलानोव्हाच्या जेलन ब्रन्सनचा ऑगस्ट १९९६ चा. म्हणजे ब्रन्सन दोनेक महिन्यांनी मोठा. बुकर २०१५ मध्ये १८ व्या वर्षी ड्राफ्ट झाला, आणि ब्रन्सनने त्याच वर्षी कॉलेजात पाऊल टाकलं. २०१८ मध्ये ब्रन्सन ड्राफ्टला उभा राहिला, तेव्हा बुकर एनबीएत तीन हंगाम खेळून मोकळा झाला होता. तेव्हा ब्रन्सनचे आकडे २१ वर्षांच्या पोराचे म्हणून वाचायला हवेत आणि बुकरचे १८ वर्षांच्या पोराचे म्हणून. अठराव्या वर्षी २२ वर्षांच्या बाप्यांमध्ये जो टिकतो, त्याला जास्त गुण द्यावेत हे खरं.

पण एनबीएतल्या संघांनी हा नियम इतका ताणला की ब्रन्सन ३३ वा गेला. दोन राष्ट्रीय विजेतेपदं, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि तरी दुसऱ्या फेरीत! २०१२ मध्ये मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं काढलेला ड्रेमंड ग्रीन असाच ३५ वा गेला होता. वय बघायचं ते अजून किती वाढ बाकी आहे, याचा अंदाज घेण्यासाठी. जो आजच तयार आहे त्याला त्यासाठी दंड करायचा नसतो. मी आता नावापुढे इयत्ता लिहीतच नाही, ड्राफ्टच्या दिवशीचं वय लिहितो, वर्षं आणि महिने.

थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीवर डोळे मिटून विश्वास

२०११ चाच ड्राफ्ट, दुसरा क्रमांक, ॲरिझोनाचा डेरिक विल्यम्स. त्या हंगामात त्याने थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचे फटके, मारले ५६.८ टक्क्यांनी. हे वाचून मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. पण प्रयत्न किती? ७४. त्यातले ४२ बास्केटमध्ये गेले. पूर्ण हंगामात ७४ प्रयत्न म्हणजे सामन्याला दोनच्या आसपास, तेही बहुतेकदा मोकळे मिळालेले. एनबीएत त्याची कारकिर्दीतली टक्केवारी ३० च्या आसपास राहिली.

माझा घरगुती इलाज असा आहे. खेळाडूच्या खऱ्या प्रयत्नांत २०० काल्पनिक प्रयत्न मिळवायचे आणि त्यातले ३४ टक्के गेले असं धरायचं. विल्यम्सचं गणित मग ४२ अधिक ६८, म्हणजे २७४ पैकी ११० होतं. टक्केवारी ४०. अजूनही चांगली, पण डोकं फिरवणारी नाही. २०० आणि ३४ हे माझे ठोकताळे आहेत, शास्त्र नव्हे. मात्र याने उत्साहाला लगाम बसतो. ज्याने थ्रीचे ६०० प्रयत्न केलेत त्याचा आकडा यात फारसा हलत नाही, आणि ७४ वाल्याचा धाडकन खाली येतो. व्हायला हवं तेच.

दुसरी खूण फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची. समोर कोणी नाही, अंतर ठरलेलं, तिथे हाताची घडण उघडी पडते. २०२० मध्ये केंटकीचा टायरीज मॅक्सी थ्रीमध्ये ३० टक्क्यांच्याही खाली होता, पण फ्री थ्रो ८३ टक्के. तो २१ वा गेला, आणि दुसऱ्याच हंगामात त्याची थ्रीची टक्केवारी चाळिशीपार होती. सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड कॉलेजच्या दोन वर्षांत थ्री मारायचा २५ टक्क्यांनी, फ्री थ्रो ७५ च्या आसपास. २०११ मध्ये इंडियानाने त्याला १५ वा निवडून लगेच सॅन अँटोनियोला दिला, तिथे चिप एंगलंड या नेमबाजीच्या प्रशिक्षकाने त्याच्या हातावर काम केलं आणि पहिल्याच हंगामात आकडा ३७.६ वर गेला. म्हणजे पोरगा कुठल्या संघात पडतो यावरही बरंच ठरतं, आणि ते आपल्या वहीत कधीच नसतं.

अंतराचंही भान ठेवा. फ्रेडेटच्या काळी कॉलेजची थ्रीची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, २०१९-२० पासून ती २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. एनबीएत ती वरच्या बाजूला २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यात २२ फूट. जुन्या आणि नव्या पोरांची टक्केवारी एका तागडीत तोलू नका. हल्लीचा ३७ टक्के जुन्या ३७ पेक्षा वजनदार आहे.

मोजपट्टीच्या प्रेमात पडणं

२००९ मध्ये करीच्या आधी सहा जण निवडले गेले. त्यातला दुसरा हशीम थबीत, कनेक्टिकटचा, ७ फूट ३ इंच. सामन्याला चारपेक्षा जास्त ब्लॉक, म्हणजे समोरच्याचे हवेत अडवलेले फटके. कागदावर हा माणूस म्हणजे भिंत. पण त्याच फेब्रुवारीत पिट्सबर्गविरुद्धचा सामना ज्याने पाहिला असेल, त्याला देहुआन ब्लेअर आठवेल. साडेसहा फुटी, रुंद खांद्यांचा गडी. त्या दिवशी २२ गुण, २३ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), आणि एका झटापटीत थबीतला चक्क खांद्यावरून पलटी. कमरेखालचा जोर आणि तोल मोजपट्टी मोजत नाही. थबीतची उंची त्याला एनबीएत फार काळ तारू शकली नाही.

म्हणून शंका असेल तेव्हा हंगामातले सर्वांत चांगले सामने बघू नका. ज्यात समोर तोडीस तोड माणूस होता, ते दोन-तीन सामने शोधा. छोट्या कॉन्फरन्सच्या पोरासाठी तर हाच एक खरा आरसा.

ड्राफ्टआधी होणाऱ्या शारीरिक चाचण्यांनाही हेच लागू आहे. २००७ मध्ये केविन ड्युरंटला बेंच प्रेसवर १८५ पौंड एकदाही उचलता आले नाहीत. त्यावर केवढा काथ्याकूट झाला होता! हातांचा पसारा आणि बुटांशिवायची उंची जरूर लिहून घ्या. बाकीच्याकडे करमणूक म्हणून बघा.

काही चुका थोडक्यात

कॉलेजात झोन डिफेन्स, म्हणजे प्रत्येकाने एक माणूस न धरता मैदानाचा एक भाग सांभाळायचा बचाव, सर्रास चालतो. सिराक्यूज २०२३ पर्यंत वर्षानुवर्षं २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन) खेळायचं. अशा कॉलेजचा गार्ड एकट्याने माणूस अडवताना दिसतच नाही. तिथे 'बचाव चांगला' असं लिहू नका, 'दिसला नाही' असं लिहा.

मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता संघ बहुधा सहाच सामने खेळतो. त्या सहांवरून मत पालटलं, तर आधीच्या तीसेक सामन्यांचं काय करायचं?

संघाला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) हवाय म्हणून सेंटरच घ्या, हा हट्ट १९८४ पासून बदनाम आहे. पोर्टलंडकडे मायकेल जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी जॉर्डन सोडून सॅम बोवी हा सेंटर घेतला. बोवीचे कॉलेजातले दोन हंगाम पायाच्या दुखण्यात गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुखापतीचं गणित कोणालाच नीट जमत नाही. ग्रेग ओडेन दुखापतींमुळे अख्ख्या कारकिर्दीत १०५ सामनेच खेळला. जोएल एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम बाकावर बसला आणि २०२३ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि ब्लेअरच्या दोन्ही गुडघ्यांत एसीएल, म्हणजे गुडघा सांभाळणारे अस्थिबंधच नव्हते. तो ३७ वा गेला आणि एनबीएत सात हंगाम खेळला. वैद्यकीय अहवाल आपल्यासारख्यांच्या हाती येत नाहीत, तेव्हा तिथे मी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातो.

वही तपासताना

यादी केल्यावर प्रत्येक नावापुढे एका ओळीत 'का' लिहा, आणि तीन वर्षांनी क्रमांकाआधी ती ओळ तपासा. माझ्या २०११ च्या पानावर लेनर्डपुढे 'थ्री नाही' एवढंच आहे. फ्रेडेटपुढे 'गुण!!'. त्याच्या लगेच मागे ११ वा निवडला गेलेला क्ले थॉम्पसन माझ्याकडे विसावा होता. का, तर ओळ कोरी.

त्या पानावर एक नाव मुळीच नाही. वॉशिंग्टनचा आयझेया थॉमस, ५ फूट ९ इंच, त्या ड्राफ्टमधला शेवटचा, ६० वा खेळाडू. त्याला घेतलं सॅक्रामेंटोने, म्हणजे ज्या संघात फ्रेडेट गेला त्याच संघाने. पहिला हंगाम संपायच्या आत सुरुवातीच्या पाचांत थॉमस होता आणि फ्रेडेट बाकावर. पुढे २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून खेळताना थॉमसने एनबीएत सामन्यामागे सरासरी २८.९ गुण केले. दशांशासकट तोच आकडा.