राणीछाप रुपयाची पारख: भाव विचारण्याआधी घरी काय तपासावे

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत जुन्या घराची वाटणी झाली किंवा देवघर हलवले, की एखाद्या पितळी डब्यातून दोन-चार राणीछाप रुपये, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे किंवा तिच्यानंतरच्या राजांचे चांदीचे रुपये, निघतात. ते रुमालात बांधून माणूस थेट गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जातो आणि "याचे किती येतील?" असे विचारतो. हा प्रश्न शेवटी विचारावा, असे माझे मत आहे. कारण नाणे खरे आहे का, त्यात चांदी किती आहे आणि ते दुर्मीळ आहे का, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी घरीच समजतात.

त्याही आधी एक पथ्य पाळावे, ते म्हणजे नाणे घासू नये. शाळकरी वयात मी आजीच्या पेटीतला १८४० चा एक रुपया चिंच आणि रांगोळी लावून लख्ख केला होता. आज भिंगाखाली त्याच्यावर केसासारखे शेकडो ओरखडे दिसतात, आणि संग्राहकाच्या दृष्टीने तो आता केवळ वजनाची चांदी उरला आहे. काळपट थर हे नाण्याचे वय असते. ते उतरवले की किंमतही उतरते.

पहिली तपासणी वजनाची. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा एक रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एका जुन्या तोळ्याचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी असते आणि त्याचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास भरतो. वापराने झिजलेले नाणे थोडे हलके भरेल, पण साडेदहा ग्रॅमचा किंवा साडेबारा ग्रॅमचा 'राणीछाप' दिसला तर संशय घ्यावा. १९४० ते १९४५ या युद्धकाळातल्या जॉर्ज सहाव्याच्या रुपयाचे वजन तेवढेच ठेवले गेले, मात्र चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांत तो चांदीचा समजून जपला जातो.

वजन जुळले तरी धातू सिद्ध होत नाही, म्हणून पाण्याची चाचणी करावी. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असे धरावे, आणि त्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटकावेत. काट्यावर जो आकडा दिसेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागले की घनता मिळते. १९३९ पर्यंतचा अस्सल रुपया सुमारे १.१३ दाखवतो, म्हणजे घनता १०.३ च्या जवळ येते. मागे एका परिचिताने आणलेला रुपया दिसायला निर्दोष होता आणि त्याचे वजन ११.६० ग्रॅम भरले, पण पाण्यात काट्यावर १.३६ आले, म्हणजे घनता जेमतेम साडेआठ. चांदीचा मुलामा दिलेला तो पितळेचा तुकडा होता. लोहचुंबकाची चाचणी मात्र फारशी उपयोगी नाही, कारण पितळ, तांबे आणि जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही.

चांदीकामाच्या हुपरीत किंवा गुजरीत यंत्रावर टंचही (चांदीची शुद्धता) काढून मिळतो आणि त्यात नाण्याला इजा होत नाही. पण ते यंत्र पृष्ठभागच वाचते, त्यामुळे जाड मुलाम्याने ते फसू शकते. कसोटीच्या दगडावर घासण्यास किंवा कानस लावण्यास मात्र स्पष्ट नकार द्यावा.

यानंतरचे काम डोळ्यांचे आहे, कारण बनावट नाणे खऱ्या चांदीचेही असू शकते. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल होतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि किनारीवर साच्याच्या सांध्याची रेघ सापडते. लेख आणि साल यांचा मेळही पाहावा. व्हिक्टोरियाच्या नावापुढे १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असते. 'क्वीन' लिहिलेला १८८५ चा रुपया कोणी दाखवला तर पुढे बोलण्यासारखे काही नाही. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाच्या डोक्यावर मुकुट नसतो, पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर असतो. कंपनी सरकारचे नाव, १८१८ साल आणि राम दरबाराचे चित्र असलेली 'नाणी' तर नाणीच नव्हेत. ती पुढच्या काळात हौसेने किंवा फसवणुकीसाठी पाडलेली पदके आहेत. तांदूळ स्वतःकडे ओढणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याची गोष्ट सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. चांदीची शिवराई 'शिवकालीन' म्हणून कोणी दाखवली, तर शिवराई हे तांब्याचे नाणे होते एवढे लक्षात ठेवावे.

मराठेशाहीतल्या रुपयांना मात्र वेगळा न्याय लावावा लागतो. अंकुशी, चांदवडी किंवा आपल्या पन्हाळ्याचा शंभू पिरखानी अशी नाणी हाताने ठोकलेली असून ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे फारसी लेखाचा काही भागच उमटतो. वाकडातिकडा, अर्धवट लेख हे तिथे खोटेपणाचे लक्षण नाही. उलट सगळी अक्षरे नेटकी आणि पूर्ण बसलेला गोल गरगरीत रुपया पाहिला की मला शंका येते. त्यांच्यावरचे सराफी ठसे हे जुन्या काळी झालेल्या पारखीचे शिक्के आहेत. त्यांनी किंमत थोडी घटते, पण भरवसा वाढतो.

आता किंमत. तळाची किंमत चांदीची असते: ११.६६ ग्रॅमच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात सुमारे ५.८ ग्रॅम. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणावे. याहून फार कमी देणारा सराफ नाण्याचा नव्हे, मोडीचा हिशोब करतो आहे. त्यावरची रक्कम साल, टाकसाळ आणि अवस्था ठरवतात, वय नव्हे. १८६२ चा रुपया जुना असूनही सहज मिळतो, कारण १८७४ पर्यंत तेच साल घालून नाणी पाडली गेली. १९१८ आणि १९१९ चे रुपयेही अमाप आहेत. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी ओढ लागली की अमेरिकेने आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. याउलट १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने त्याचा बराचसा साठा वितळवण्यात आला आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली गेली. झग्यावरचा तो हत्ती भिंगातून पाहण्यासारखा आहे. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच १९३८ मधल्या आठाचा नऊ करण्याची लबाडी होते. तो शेवटचा आकडा इतर तीन आकड्यांशी ताडून पाहावा.

माळेसाठी डाग देऊन कडी जोडलेले किंवा भोक पाडलेले नाणे कितीही दुर्मीळ असले तरी संग्राहक त्याला अगदी कमी भाव देतो. विकण्यापूर्वी नाण्याच्या दोन्ही बाजूंची आणि किनारीची छायाचित्रे काढावीत आणि त्याच साल-टाकसाळीच्या नाण्याला लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहावी. जाहिरातीत मागितलेल्या लाखांना काही अर्थ नसतो. मराठेशाहीतील किंवा त्याहून जुने नाणे असेल तर नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेतल्या जाणकारांचे मत घ्यावे.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी पाठवता येत नाही. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आजोबांच्या डब्यातल्या चार रुपयांना मात्र कळवण्याचा हा नियम लागू नाही.