डॅनियल बूनच्या दोन जन्मतारखा

अमेरिकेतला जुना शिकारी-वाटाड्या डॅनियल बून, त्याची टिपणं काढताना दोन दिवस अडकलो. साल १७३४, गाव पेनसिल्व्हेनियातलं. पण तारीख कुठे २२ ऑक्टोबर, कुठे २ नोव्हेंबर. दोन वेगळे बून समजून मी एकाला चक्क बाद केलं! घोळ कॅलेंडरचा होता: ब्रिटिश वसाहतींनी १७५२ मध्ये ११ दिवस गाळले. शिवाय घराणं क्वेकर, म्हणजे महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. तेव्हा वर्ष मार्चपासून मोजत, म्हणून त्यांचा ‘आठवा महिना’ म्हणजे ऑक्टोबर. (नावातच ‘अष्ट’ दडलाय, सुचायला हवं होतं.)

ते गाव आज बर्क्स काउंटीत (जिल्ह्यात) येतं, पण तिथे जन्मकाळचं काही मिळेना. मिळणार कसं? ती काउंटीच १७५२ ची. मग तेव्हा गाव ज्यात होतं, त्या फिलाडेल्फिया काउंटीचे कागद चाळले.

१७९९ ला तो मिसुरीत गेला, तेव्हा तिथे स्पेनची सत्ता. ते दप्तर अजून बाकी आहे.