सॅम गिलियम यांचं सहीचं प्रिंट घेण्याआधी कसं तपासावं

मर्यादित आवृत्तीतलं, म्हणजे ठरावीक प्रतीच छापलेलं, प्रिंट समोर आलं की नजर आधी खालच्या सहीकडे जाते. गिलियम यांच्या बाबतीत सही शेवटी बघावी, असं माझं ठाम मत आहे. मिसिसिपीतल्या टुपेलोत १९३३ साली जन्मलेल्या या आफ्रिकन-अमेरिकन अमूर्त चित्रकाराने कॅनव्हास चौकटीतून सोडवून पडद्यासारखा झुलता टांगला. १९७२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेतर्फे त्यांचं काम मांडलं गेलं. कागदालाही त्यांनी अनेकदा सपाट राहू दिलं नाही.

पहिलं काम म्हणजे प्रिंट फ्रेमबाहेर काढून मागणं. विक्रेता काचेआडूनच दाखवत असेल, तर व्यवहार थांबवा.

मग खोलीतले दिवे मालवून टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ आडवी धरा. तिरक्या उजेडात दाबाने उठलेले उंचवटे आणि शाईचा थर स्पष्ट दिसतो. विस्कॉन्सिनमधले मुद्रक विल्यम वीग यांच्यासोबत गिलियम यांनी हातकागदावर छापलं, ते कापलं, जोडलं, शिवलंसुद्धा. अशा प्रिंटमध्ये शिवण असेल तर मागून दोरा खरोखर आरपार गेलाय का, हे बघा. एकाच आवृत्तीतल्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसल्या, तर त्यात वावगं काही नाही.

आता दहापट भिंग लावा. रंगांच्या जागी एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती बहुधा मूळ चित्राच्या फोटोवरून केलेली छपाई आहे. खाली खरी सही असली तरी मूळ प्रिंटची किंमत तिला देऊ नका.

क्रमांक झटकन वाचून होतो. १२/५० म्हणजे पन्नासातली बारावी प्रत, ए.पी. म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली. आकडा लहान म्हणून प्रत भारी ठरत नाही. शीर्षक, साल, तंत्र, कागदाचं माप आणि प्रतींची संख्या मात्र छापखान्याच्या नोंदीशी पडताळा. वीग यांनी १९८७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, सुरू केलेल्या टँडेम प्रेस या छापखान्यातही गिलियम यांनी प्रिंट्स केली. माप टेपने स्वतः घ्या. समास कापलेला असेल, तर तो इथेच उघडा पडतो.

सही आता बघा. पेन्सिलीची असेल तर तिरक्या उजेडात शिसं चकाकतं, रेघेचा दाब कागदावर जाणवतो. छापलेली सही भिंगाखाली निर्जीव दिसते.

शेवटी प्रिंटची मागची बाजू. तपकिरी डाग, चिकटपट्टी, किंवा सबंध प्रिंट पुठ्ठ्यावर डकवलेलं दिसलं, तर कागद-संवर्धकाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.