गिअर खरखरतोय? आधी क्लच तपासा

इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत आमची जुनी गाडी कुठलाही गिअर टाकताना ‘खर्रर्र’ करायची. मेकॅनिक भैया थेट गिअरबॉक्स उतरवायला निघाले. म्हटलं, जरा थांबा. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. तरीही खरखर! बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग) नसतो. म्हणून थांबूनही तो ओरडला, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला फिरवतंच आहे, असा संशय घ्यावा. फक्त सेकंड गिअरलाच आवाज असता, तर त्याच्या सिंक्रो रिंगवर (सिंक्रोनायझरच्या कड्यावर) बोट ठेवलं असतं. निघालं काय, तर क्लचची केबल ताणलेली, पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) भलताच वाढलेला. नवी केबल टाकली, प्ले मॅन्युअलप्रमाणे लावला. खरखर बंद. गिअर ऑइलही बदलून घेतलं. काळंकुट्ट झालं होतं.