बालवाडीत सूर्यफूल लावायचंय? आधी एवढं जमवा

पहिलं काम कॅलेंडर बघण्याचं. जूनमध्ये शाळा उघडली की लगेच पेरावंसं वाटतं, पण पावसाळ्यात बी कुजतं, गोगलगायी कोंब खातात आणि ऐन फुलोऱ्यात पाऊस असला की मधमाश्या फिरकत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरलं तर ठेंगणी जात जानेवारीत फुलते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दाणेही भरतात. आपल्याकडे ‘मॉडर्न’ नावाने मिळणारी जात साधारण तीन फूट वाढते, 80 ते 85 दिवसांत तयार होते. सहा फुटी झाड फोटोत छान दिसतं, पण चार वर्षांच्या मुलाला त्याचं फूल खालूनच बघावं लागतं.

बी घेताना डोळे उघडे ठेवा. कृषी सेवा केंद्रातलं पाकीटबंद बी बहुतेकदा बुरशीनाशक लावलेलं, गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असतं. ते मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही. ‘बीजप्रक्रिया न केलेलं’ असंच मागा. किराणा दुकानातल्या भाजलेल्या, खारवलेल्या बिया उगवत नाहीत. नुकत्याच काढलेल्या बियाही दीड-दोन महिने सुप्तावस्थेत असतात. वीस मुलांसाठी प्रत्येकी तीन म्हणजे 60 बिया, आणि वर 20-25 राखीव. ही राखीव रोपं त्याच दिवशी ताईंनी बाजूला लावून ठेवायची, कारण कुणाचं तरी रोप मरणारच आणि त्या दिवशी रडारड होणार. मुलांना बिया मोजून द्या आणि उरलेल्या मोजून परत घ्या; तोंडात, नाकात घालायला त्या अगदी मापाच्या असतात.

कागदी कप 200 मिलीचे, प्रत्येकाच्या तळाला तीन भोकं. माती दोन भाग, गांडूळखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग. वीस कपांना साधारण चार लिटर, म्हणजे अर्धी बादलीही लागत नाही. माती आधी चाळून घ्या, काचेचा तुकडा निघू शकतो. शेणखत असेल तर पूर्ण कुजलेलंच घ्या. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं पेन्सिलने लिहा, पेनाची शाई धुऊन जाते. पाण्यासाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सहा-सात भोकं पाडा. मगाने ओतलं की बी वर येतं.

आदल्या रात्री बिया आठ-दहा तास भिजत घाला, त्याहून जास्त नको. मुलाने तर्जनी पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसायची, झालेल्या खड्ड्यात बी टोक खाली करून ठेवायचं आणि माती ओढून घ्यायची. कपाला रोज दोन मोठे चमचे पाणी पुरतं. मुलं प्रेमाने पाच-पाच वेळा पाणी घालतात आणि कोंब बुडाशी काळा पडून आडवा होतो, म्हणून पाण्याची पाळी ठरवून द्या. शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार, तेही आधीच ठरवा.

‘उगवलं का’ म्हणून माती उकरणं तर होणारच. त्यावर एकच इलाज: काचेच्या ग्लासात ओला कापूस, आणि काच व कापूस यांच्यामध्ये दोन-तीन बिया. दोन-तीन दिवसांत मूळ दिसतं आणि कपाकडची बोटं इकडे वळतात.

मातीतून कोंब सहा ते दहा दिवसांत येतात. काही कोंबांच्या डोक्यावर टरफलाची टोपी अडकलेली असते; ती ओढली तर पानंच तुटतात. थोडं पाणी शिंपडा, सैल होऊन पडते. रोपं खिडकीत ठेवली तर लांबुडकी, फिकट होऊन झुकतात. पहिल्या दिवसापासून सहा तासांचं ऊन हवं. साळुंक्या कोवळे कोंब खुडतात, त्यासाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पुरेसा आहे.

बीतून निघालेल्या दोन जाड पानांनंतर खऱ्या पानांची पहिली जोडी आली की लगेच 12 इंची कुंडीत हलवा, एका कुंडीत एकच रोप. सोटमूळ कपात वळलं तर झाड खुरटतं, म्हणून कपाचा कागद फाडून रोप मातीच्या गोळ्यासकट ठेवा. आधाराची काठी त्याच वेळी खुपसा, नंतर मुळं दुखावतात. कुंड्या जवळजवळ ठेवा. एकटं झाड मधमाश्यांनी टाळलं की दाणे पोचट निघतात.

कळी दिवसभर सूर्यामागे वळते, पूर्ण उमललेलं फूल मात्र पूर्वेकडेच तोंड करून राहतं. मुलं ‘आता का वळत नाही’ विचारणार. पाकळ्या गळल्या की फुलाला मलमलची पिशवी बांधा, नाहीतर पोपट एका सकाळीत सगळं संपवतात.