एक फोर-के, एक साधा मॉनिटर: दोन्हींवर अक्षर एका मापाचं कसं आणायचं

मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकांची डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानांची जुळणी, करते. टेबलावर जुना २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे आणि त्याच्या उजवीकडे २७ इंची फोर-के.

नवा मॉनिटर लावला की त्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मग पुष्कळ जण त्याचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर उतरवतात. असं मुळीच करू नका. ३८४० बाय २१६० हेच ठेवा, पैसे त्याचेच मोजलेत. दहा पॉइंटात 'सर्वांनी' टाइप करून दोन्हीकडे बघा. फुल एचडीवर रफार आणि अनुस्वार मिळून एक काळा डाग होतो. फोर-केवर रफाराचा बाक आणि टिंब यांच्यामधली फट स्वच्छ दिसते. स्क्रीनवर प्रुफं वाचणाऱ्याला ही फट लाखमोलाची!

बदलायचं ते स्केल, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं किती टक्के मोठी दाखवायची ते. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा आणि फोर-केचा चौकोन निवडा. कुठला कोणाचा ते कळत नसेल तर आयडेंटिफाय दाबा, पडद्यांवर आकडे येतात. आता गणित: २४ इंचीवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल, २७ इंची फोर-केवर १६३. भागाकार पावणेदोनच्या जवळ येतो. म्हणून जुन्याला १०० टक्के, नव्याला १७५. खात्री करायची तर एकच विंडो दोन्हीकडे नेऊन तिच्या टूलबारवर फूटपट्टी धरा. विंडो हलवायला विंडोज, शिफ्ट आणि बाणाची की.

पुढचा त्रास माउसचा. सेटिंग्जमधले चौकोन पिक्सेलच्या हिशेबाने काढलेले असतात, त्यामुळे फोर-के तिथे दुप्पट उंच दिसतो, टेबलावर मात्र जेमतेम चार सेंटिमीटरने. दोन्ही चौकोन वरून जुळवलेत, तर फोर-केच्या खालच्या अर्ध्या भागातून डावीकडे जाताना बाण कडेला अडतो, कारण विंडोजच्या लेखी पलीकडे काहीच नसतं. तुमची ये-जा जिथून जास्त, तिथे कडा जुळवा. मी लहान चौकोन ओढून मोठ्याच्या मध्यावर ठेवते. विंडोज ११ असेल तर मल्टिपल डिस्प्लेजखाली कर्सरची ये-जा सुलभ करणारा पर्याय आहे, तो चालू करा, अडणं थांबतं.

पेजमेकरसारखी जुनी सॉफ्टवेअर्स स्केल वाढवलेल्या पडद्यावर धूसर दिसतात, कारण विंडोज त्यांचं चित्र नुसतं ताणून मोठं करतं. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयचे पर्याय आहेत, पण त्यात मेनू बारीक होण्याची शक्यता असते. माझ्या मते सरळ उपाय हा: पेजमेकर १०० टक्क्यांच्या जुन्या मॉनिटरवर चालवा आणि पीडीएफ फोर-केवर तपासा. मेन डिस्प्ले किंवा स्केल बदललं की एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर काही प्रोग्रॅम जुनंच माप धरून बसतात.

फोर-केवर माउस झटके देत चालत असेल तर केबल आणि पोर्ट तपासा. एचडीएमआय १.४ वरून फोर-के ३० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या, पुढे जात नाही. ६० साठी २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो. तपकीर गल्लीत केबल घेताना 'फोर-के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट विचारा, आणि लॅपटॉपचं पोर्ट तेवढं देतं का ते आधी पाहून जा. जोडल्यावर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० निवडलेलं आहे ना, तेही बघा. कधी कधी ते हाताने निवडावं लागतं.